पाट, पेटी आणि पांगुळगाडा



बचत गटाच्या बायका रेडिओवर आल्या म्हणजे शेळ्या, पापड, नाहीतर बँकेचा हप्ता, असंच तुम्हाला वाटणार. हप्त्याचं थोडं येईल मध्ये, पण आज आम्ही एका लहान पोरीच्या पायांबद्दल बोलणार आहोत. आमच्या गटातल्या एका ताईची ती लेक. आता दोन वर्षं आठ महिन्यांची आहे. आई म्हणाली, सगळं सांगा, पण नाव सांगू नका. म्हणून आपण तिला छकुली म्हणू.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. छकुली सातव्या महिन्यातच जन्मली. ३२ आठवडे भरले होते, वजन १ किलो ४०० ग्रॅम. तीन आठवडे काचेच्या पेटीत होती. घरी आली तेव्हा ती जगली हेच सगळ्यांना पुष्कळ होतं. बारसं उशिरा केलं, तेही गुपचूप, दृष्ट लागेल म्हणून. अशा पोरीचे पाय कसे आहेत हे कोण बघणार?

पण आईला दिसत होतं. लंगोट बदलताना मांड्या उघडायच्या नाहीत, जोर लावावा लागायचा. काखेत धरून उचललं की दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर यायचे आणि अंगठे जमिनीकडे ताणलेले. दहा महिन्यांची झाली तरी बसवली की मागे कलंडायची. तालुक्याला एका दवाखान्यात दाखवलं. तिथं सांगितलं, "अशक्त आहे, कमी दिवसांची आहे, दोन वर्षांपर्यंत वाट बघा, चालेल." सासूबाई म्हणाल्या, हिचा काकाही उशिराच चालला होता. मैत्रिणींनो, हे काकाचं उदाहरण प्रत्येक घरात असतं. काका चालला हे खरं असतं, म्हणून तर ते पटतं.

मग उशीर कधी म्हणायचा? जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली मुलांच्या वाढीची जी मापं दिली, त्यातल्या बसण्या-चालण्याच्या मापांसाठी पाच देशांतली मुलं बघितली होती. त्यात आपला भारतही होता. निरोगी मुलं साधारण चार ते सव्वानऊ महिन्यांच्या दरम्यान आधाराशिवाय बसली. एकटी चालली ती कुणी सव्वाआठ महिन्यांना, कुणी साडेसतरा महिन्यांना. म्हणजे शेजारणीचं पोर दहाव्या महिन्यात चाललं आणि आपलं पंधराव्यात, तर घाबरायचं कारण नाही. काही मुलं तर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. पण अठरा महिने उलटले आणि मूल चालत नाही, तर दाखवायचंच. आणि बसण्याची गाडी नऊ-दहा महिन्यांना अडली असेल तर अठराव्याची वाट बघायची नाही.

कमी दिवसांच्या बाळाचं वय मोजताना एक हिशेब करायचा असतो. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. छकुली ३२ व्या आठवड्यात आली, म्हणजे आठ आठवडे, दोन महिने आधी. ते दोन महिने तिच्या वयातून वजा करायचे. दहा महिन्यांची छकुली खरं तर आठ महिन्यांची धरायची. हा हिशेब दोन वर्षांपर्यंत करतात. पण हिशेब केला तरी घट्ट मुठी आणि कात्रीसारखे पाय त्यात बसत नव्हते.

हे पहिल्यांदा बोलून दाखवलं आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी. वजन करायला छकुलीला झोळीत ठेवताना त्यांनी पाय बघितले आणि त्या म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची गाडी येतेय, हिला घेऊन या, कामाला जाऊ नका. ती गाडी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्या महाराष्ट्रात पालघरला. वर्षातून दोनदा हे पथक अंगणवाडीत येतं आणि जन्मतःचे दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर, या चार गोष्टी तपासतं. आपण काय करतो? पथक येणार म्हटलं की धडधाकट पोरांना नटवून पाठवतो आणि जे मूल दाखवायचं तेच घरात ठेवतो, लोक काय म्हणतील म्हणून.

पथकानं चिठ्ठी दिली जिल्ह्याच्या केंद्राची. त्याचं नाव जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. नाव अवघड आहे, पण तिथं मुलांचे डॉक्टर, व्यायाम घेणाऱ्या फिजिओच्या मॅडम, बोलायला शिकवणारे, असे सगळे एका छताखाली असतात आणि उपचाराला पैसे लागत नाहीत. तिथं कळलं, छकुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. मराठीत मेंदूचा पक्षाघात म्हणतात.

हा शब्द ऐकून ती ताई दोन दिवस जेवली नाही. पक्षाघात म्हणजे म्हाताऱ्या माणसाला होतो तो, असंच आपल्या डोक्यात असतं. मॅडमनी समजावलं ते आम्ही जसंच्या तसं सांगतो. मूल पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मल्यावर लवकरच, मेंदूचा हालचाल सांभाळणारा भाग दुखावतो. दिवस न भरलेल्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. जिथं इजा होते तिथूनच पायांकडे जाणाऱ्या तारा गेलेल्या असतात, म्हणून अशा मुलांचे हात बऱ्यापैकी चालतात आणि पाय आखडतात. पायांत काही मोडलेलं नसतं. मेंदूकडून येणारा निरोप नीट पोहोचत नाही. मेंदूची ही इजा वाढत जात नाही. पण मूल वाढतं, हाड लांब होतं आणि आखडलेला स्नायू त्याच्या मागे पडतो. म्हणून नुसतं थांबून राहिलं तर इजा तेवढीच असूनही पाय मात्र जास्त वाकडा होत जातो.

आईनं विचारलं, बरी होईल का? मॅडम म्हणाल्या, हा आजार औषधानं जात नाही, पण मूल शिकतं. आणि म्हणाल्या, दोन वर्षांच्या आत ती आधाराशिवाय बसायला लागली तर पुढे चालण्याची आशा चांगली. तेव्हा छकुली तेरा महिन्यांची होती. म्हणजे हातात अकरा महिने.

आता घरात काय झालं ते ऐका. आजी वाईट बाई नाही. नातीवर जीव आहे तिचा. पण तिनं आधी तिच्या पद्धतीनं जोर लावला. गरम तेलानं पाय ओढून रगडायची, उलटं धरून झाडायची, पोर काळीनिळी होईस्तोवर रडायची. मॅडमनी समजावलं, हलक्या हातानं तेल लावायला हरकत नाही, पण आखडलेला स्नायू झटक्यानं ओढला की तो उलट जास्त आखडतो. मग हद्दीपलीकडच्या एका पाहुणीनं सुचवलं, ग्रहणात पोरीला मातीत पुरा. हसू नका. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणाला कलबुर्गीकडे अपंग मुलांना गळ्यापर्यंत मातीत पुरल्याची बातमी सगळीकडे आली होती. लेकरं रडत होती आणि आया बाजूला उभ्या होत्या. त्या आयांना लेकराची माया नव्हती असं कोण म्हणेल? त्यांच्यापर्यंत दुसरं काही पोहोचलं नव्हतं, एवढंच. छकुलीच्या आईनं सासूला आणि पाहुणीला दोघींनाही सांगितलं, माझी पोर मातीत जाणार नाही. एरवी ती बाई सासूपुढे मोठ्यानं बोलतही नाही.

केंद्रात महिन्यातून दोनदा बोलावलं. गावातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, दोन एसट्या बदलून. बायकांना अर्धं तिकीट झालंय म्हणून निभावलं, पण दिवस बुडतो, रोज बुडतो. त्यात पायांचे स्प्लिंट आले. पोटरीपासून पावलापर्यंत प्लास्टिकचा साचा असतो, तो टाच खाली ठेवतो आणि घोटा सरळ धरतो. केंद्रातून मिळाले असते, पण नंबर लांब होता आणि छकुलीचे दिवस मोजलेले होते. म्हणून ताईनं गटात ८,००० रुपयांचं कर्ज मागितलं.

त्या बैठकीत जे झालं ते लपवण्यात अर्थ नाही. एक बाई म्हणाली, कर्ज शेळीला दिलं तर शेळी वेत देते, मशीनला दिलं तर शिलाई येते. पोरीच्या पायाला दिलेलं परत कुठून येणार? दुसरी हळूच म्हणाली, त्यातून मुलगी. गट गप्प झाला. वहीत हेतूचा रकाना असतो, त्यात काय लिहायचं यावरच गाडं अडलं.

मग आमच्यातली सगळ्यात मोठी, अक्का, बोलली. ती बैठकीत फारसं बोलत नाही, अंगठा करते आणि जाते. ती म्हणाली, "माझा लेक बावीस वर्षांचा आहे. बूड घासत अंगणात येतो. त्याचे गुडघे आता कुणी ओढले तरी सरळ होत नाहीत. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर डोरलं विकलं असतं मी." एवढंच बोलली आणि पुन्हा पदर सावरून बसली. रकान्यात आम्ही "आरोग्य" लिहिलं. शेकडा एक रुपया व्याज, दहा हप्ते. दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहेच, रोज म्हणतो आपण ते.

पण पैसा हा सोपा भाग होता, हे आम्हाला पुढे कळलं. केंद्रात महिन्यात दोनदा तासभर, म्हणजे दोन तास. बाकीचा सगळा महिना घरी. मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, मी तुम्हाला दाखवते, चालायला शिकवणार तुम्हीच. रोज दोन-तीन वेळा व्यायाम, आणि उरलेला वेळ उचलण्या-बसवण्याची रीत. तुरीच्या काढणीत आई पहाटे सहाला घर सोडते. कोण करणार? मग वाटून घेतलं. दुपारच्या व्यायामाला गटातल्या दोघी-दोघी जातील असं ठरलं. अकराजणींनी नावं दिली. महिन्याभरात उरल्या तिघी. नावं ठेवत नाही कुणाला, प्रत्येकीच्या मागं जनावरं आहेत, पाणी आहे. तिघी टिकल्या ते पुष्कळ झालं.

आता व्यायामाचं सांगतो, पण एक आधी. हे रेडिओवर ऐकून आपल्या पोरावर करू नका. आधी दाखवा, मग शिका. प्रत्येक मुलाचा पाय वेगळा.

सुरुवात पायापासून झालीच नाही, मानेपासून झाली. गोधडीची गुंडाळी करून छातीखाली द्यायची, पोरीला पालथं ठेवायचं आणि समोर चमच्या-वाटीचा आवाज करायचा. ती मान उचलते, हातांवर भार घेते. मग लोडावर घोड्यासारखं बसवायचं, दोन्हीकडे पाय. त्यानं मांड्या मोकळ्या होतात आणि कंबर सावरायला शिकते. आमच्याकडे लोड नव्हता, पोत्यात जुन्या साड्या कोंबून केला. कडेवर घेतानाही पाय दोन्हीकडे फाकवून घ्यायचे, दोन्ही पाय एका बाजूला गोळा करून नाही. एवढं एक जरी केलं तरी दिवसभर व्यायाम होतो, कारण कडेवर तर ती असतेच.

पोटरीचा ताण रोजचा. गुडघा सरळ ठेवायचा, टाच आपल्या तळहातात धरायची, आपला हात तिच्या तळपायाला टेकवायचा आणि टाच हळूच खाली ओढायची. बोटं धरून ढकलायचं नाही, त्यानं पाऊल मधूनच वाकतं. तीसपर्यंत सावकाश मोजायचं. हे मोजायचं काम आता आजीनं घेतलंय. आजीची गंमत अशी की एकवीसपर्यंत येते, मग नातीच्या तोंडाकडे बघत राहते आणि पुन्हा एकवीसपासून धरते. मॅडमना सांगितलं तर हसल्या. म्हणाल्या, चालेल, जास्त वेळ धरलं तर वाईट नाही.

मुलं पाय मागं मुडपून, दोन्ही टाचांच्या मध्ये बूड टेकवून बसतात, ती बैठक अशा मुलांना आवडते कारण ती सोपी. पण तीच सारखी बसू द्यायची नाही, खुब्यावर ताण येतो आणि आत वळलेले पाय तसेच वळतात. त्याऐवजी पाट. जेवायच्या पाटाखाली एक वीट इकडे, एक वीट तिकडे. पाऊल सपाट जमिनीला टेकलं पाहिजे, गुडघा काटकोनात. समोर पत्र्याची पेटी, पेटीवर भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी. पाटावरून उठायचं, पेटी धरायची, तुकडा घ्यायचा, पुन्हा बसायचं. ज्वारीच्या भाकरीसाठी ही पोर एका जेवणात दहा वेळा उठायला लागली. केंद्रातलं महागाचं साहित्य आम्ही बघून आलोय, वाईट नाही ते. पण पाट आणि पेटी प्रत्येक घरात आहे.

आणि उभं राहणं. दिवसातून दोनदा, स्प्लिंट घालून, भिंतीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून. चालण्यासाठी तर हवंच, पण अंगाचा भार पायांवर आला की खुब्याची वाटी नीट घडते. उभंच केलं नाही तर सांधा सरकण्याची भीती. संध्याकाळचं उभं करणं बापाकडे दिलंय. तो मोबाईल बघत बघत करतो, पण रोज करतो. स्प्लिंटखाली सुती मोजा, काढल्यावर कातडी बघायची. लाल डाग अर्ध्या तासात गेला तर ठीक, राहिला तर साचा टोचतोय, दाखवून दुरुस्त करायचा. पोर वाढली की साचा लहान होतो, तो ओढून-ताणून घालायचा नाही.

गोल चाकांचा बसायचा वॉकर मामानं हौसेनं आणला होता, दीड हजाराचा. मॅडमनी तो घरी ठेवायला सांगितला, पोरीला नाही. त्यात मूल अंगठ्यांवर ढकलत पळतं, म्हणजे जी सवय मोडायची तीच पक्की होते. वर उंबऱ्यावरून उलटण्याची भीती. कॅनडात तर २००४ पासून असे वॉकर विकायलाच बंदी आहे. मामा रुसला. पण आपला जुना लाकडी पांगुळगाडा, तो चालतो. तो उभं राहून ढकलायचा असतो, भार पायांवर येतो. आमच्या सुतारानं एक केला. पहिल्या दिवशी तो पुढे पळाला आणि छकुली तोंडावर आपटली. मग त्यावर पाच किलोची वाळूची पिशवी बांधली, चाकाला सुतळी गुंडाळली. आता गाडा तिच्या चालीनं जातो.

किती दिवसांत काय झालं, असं सगळे विचारतात. सतरा महिन्यांची असताना ती एकटी बसली. बसली म्हणजे हात न टेकता बसली, आणि दोन्ही हातांत खुळखुळा धरला. त्या दुपारी व्यायामाला गेलेल्या दोघींनी शेतात फोन केला, आई तुरीत उभी राहून रडली. मॅडमनी दिलेल्या मुदतीला अजून सात महिने बाकी होते. आधी ती सशासारखी रांगायची, दोन्ही गुडघे एकदम. एकामागून एक गुडघा टाकायला विसावा महिना लागला. बावीसाव्यात पेटी धरून आपली आपण उभी राहिली. मग पावसाळा आला, आठ दिवस ताप, आणि सगळं मागं गेलं. उभी करायला गेलं की पाय मुडपून घ्यायची. आईनं चार दिवस स्प्लिंट खुंटीला अडकवून ठेवले. केंद्रात विचारलं तर म्हणाले, हे होतं. आजारपणानं होतं, आणि उंची भराभर वाढते तेव्हाही स्नायू आखडतात. पुन्हा पालथ्या गोधडीपासून धरलं. दुसऱ्यांदा मात्र जिथं चार महिने लागले होते तिथं पाच आठवडे लागले.

सव्वीसाव्या महिन्यात बाज धरून आडवी पावलं टाकली. ही आडवी चाल फार कामाची, बरं का. एका पायावर भार देऊन दुसरा उचलायचा, हे ती तिथंच शिकते. आम्ही बाज, पेटी आणि धान्याची कणगी अशा ओळीत लावल्या की मध्ये हातभर जागा राहील. ती हातभर जागा ओलांडायला तिला दीड महिना लागला. पडायलाही शिकवावं लागतं. गोधडीवर गुडघ्यावर उभं करून हलकेच ढकलायचं, म्हणजे हात पुढे टाकायची सवय लागते.

आज ती पांगुळगाडा घेऊन अंगणाच्या या टोकापासून तुळशीपर्यंत जाते. तिथं गाडा वळवता येत नाही म्हणून ओरडते. हात सोडून पाच मोजेपर्यंत उभी राहते. गेल्या महिन्यात आजीकडे हात सोडून तीन पावलं टाकली आणि चौथ्याला बसली. मॅडम स्पष्ट बोलतात. त्या म्हणाल्या, घरात ती चालेल असं दिसतंय, लांब जायला कदाचित काठ्या किंवा आधाराचा वॉकर लागेल, शाळेत गेल्यावर बघू. इतर पोरांसारखी पळेल का, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही आणि आम्हीही पुन्हा विचारलं नाही. गावातल्या बायका मात्र अजून विचारतात, "कधी बरी होणार?" आई आता म्हणते, ती आजारी नाही, ती शिकतीय.

चालायला उशीर म्हणजे प्रत्येक वेळी हाच आजार, असं समजू नका. कुणाला ऊन न मिळाल्यानं मुडदूस असतो, कुणाचा खुबा जन्मतः सरकलेला असतो. वाकडं पाऊल घेऊन जन्मलेल्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांतच प्लॅस्टर सुरू केलं तर दर आठवड्याला एक, असं पाच-सात प्लॅस्टरमध्ये पाऊल वळवून आणतात. पुढे रात्री घालायचे जोडबूट चार वर्षांपर्यंत सांभाळावे लागतात, तिथंच लोक कंटाळतात. आणि जे मूल चालत होतं, बोलत होतं आणि आता बंद झालं, त्याला एक दिवसही घरी ठेवायचं नाही. वर्षाच्या आत बाळ एकाच हातानं सगळं करतंय, दुसरी मूठ मिटलेलीच, हेही कौतुकाचं नाही, दाखवायचं आहे.

कागदाचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात सेरेब्रल पाल्सी आहे. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळतं, अर्ज ऑनलाइन होतो. त्यावर निरामय नावाचा आरोग्य विमा काढता येतो, वर्षाला १ लाखापर्यंत, त्यात फिजिओथेरपीचाही खर्च धरतात. छकुलीच्या आईला प्रमाणपत्राला तीन फेऱ्या झाल्या. घरातले म्हणत होते, एवढ्या लवकर पोरीवर शिक्का कशाला? अक्का म्हणाली, शिक्का नाही मारला म्हणून माझ्या लेकाचे पाय सरळ झाले नाहीत.

कर्जाचे सात हप्ते आलेत, पावसाळ्यात दोन चुकले होते, ते दिवाळीत भरले. शेळीचं उदाहरण देणारी बाई त्या तिघींपैकी एक आहे, मंगळवार-शुक्रवार तिची पाळी असते. तिला याबद्दल कुणी काही विचारत नाही, तिलाही बोलायचं नसतं.

पुढच्या गुरुवारी नव्या स्प्लिंटचं माप आहे, जुने लहान झालेत. चार महिन्यांनी छकुली तीन वर्षांची होईल, अंगणवाडीत जाईल. अंगणवाडीला दोन उंच पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. ग्रामसभेसाठी आम्ही विषय लेखी दिलाय, सतरा सह्या आहेत, अक्काचा अंगठा पहिला. कठड्याला दोन नळ्या मागितल्यात, एक मोठ्यांच्या हाताला आणि एक खाली. खालची किती उंचीवर बसवायची ते ग्रामसेवकांनी विचारलं होतं. छकुलीची कंबर मोजून घेतलीय, दीड फूट भरली.